लोणावळ्यापर्यंत हात

घर भाड्याने देताना लोक आधारकार्ड बघतात, कंपनीचं ओळखपत्र बघतात, आडून आडून मटण-मासे करता का ते विचारतात. आमच्या घरमालकांनी यातलं काहीही केलं नाही. निगडीत, प्राधिकरणातल्या आपल्या बंगल्याच्या व्हरांड्यात त्यांनी आम्हा नवराबायकोला दोन खुर्च्यांवर समोरासमोर बसवलं, माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "तुम्ही लवकर तापता का?"

"कोण म्हणतं असं?" मी ताडकन विचारलं.

"आलं लक्षात," असं म्हणून ते माझ्या नवऱ्याकडे वळले. "आणि तुम्ही?"

माझा नवरा लातूरकडचा. त्याला काही विचारलं की उत्तर येईपर्यंत मधे एक चहा होतो. तो आढ्याकडे बघत विचार करू लागला. तो विचार करतोय तोवर घरमालक काका आत गेले, किल्ली घेऊन आले आणि ती माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "मोटर तेज आहे, बॅटरी कमी व्होल्टची आहे. ही जोडी थंड चालते. वरचा मजला घ्या."

आपल्याला कमी व्होल्टचा म्हटलंय हे माझ्या नवऱ्याला थेट टेम्पोतून फ्रिज उतरवताना कळलं. तोवर करार झाला होता.

काकांची सगळी हयात पिंपरीतल्या एका कंपनीच्या टेस्टिंग खात्यात गेली होती. तिथलं त्यांचं काम म्हणजे विजेच्या मोटरी जळेपर्यंत चालवायच्या आणि का जळल्या ते सांगायचं. "आयुष्यभर मोटरींची प्रेतं उचलली," ते सांगत. "रिटायर झालो तेव्हा ठरवलं, आता लग्नं लावायची." आणि ते खरंच लग्नं लावत. बॅटरी आणि मोटर यांची. कशासाठी, तर रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांसाठी. खेळण्यातल्या गाड्या म्हणालात तर ते तुमच्याशी बोलणं बंद करत. हातभर लांबीच्या या गाड्या रस्त्यावरच्या मोटरसायकलला मागे टाकतात, आणि त्या पळवणारे लोक सगळे पोटं सुटलेले, नोकरीधंद्यातले, अगदी गंभीर चेहऱ्याचे असतात.

याची सुरुवात समोरच्या डॉक्टरांनी केली. डॉक्टरांनी मुलासाठी म्हणून एक गाडी आणली आणि मुलाला हातही न लावू देता स्वतः रस्त्यावर सोडली. गाडी बाणासारखी सुटली, काकांच्या फाटकासमोर आली, आणि तिच्यातून धूर निघाला. काका बागेत पाणी घालत होते. नळी तशीच सोडून ते बाहेर आले, गाडी उलटी केली, वास घेतला आणि डॉक्टरांना म्हणाले, "दोन सेलच्या बॅटरीची मोटर आहे, तुम्ही चार सेलची लावलीत. पेशंटला औषध देताना वजन बघता ना?" डॉक्टर आनंदाने शिव्या खात बसले. दुसऱ्या दिवशी ते जळलेली मोटर, नवी मोटर आणि एका मित्राला घेऊन हजर झाले. मित्राची गाडी पळतच नव्हती. तिसऱ्या आठवड्यापर्यंत आमच्या गल्लीत रविवारी सकाळी गाड्या लावायला जागा उरली नाही.

रविवारच्या या प्रकाराला काका 'बघण्याचा कार्यक्रम' म्हणत. शर्टाच्या खिशात मीटर, त्याच्या लाल आणि काळ्या वायरी गळ्यात, अशा थाटात ते व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर बसत. ज्याला जोडी जुळवून हवी असेल त्याने मोटर घेऊन समोर बसायचं आणि तिचा स्वभाव सांगायचा. एका व्होल्टला ती किती फेरे मारते, या आकड्याला ते लोक केव्ही म्हणतात. जास्त केव्हीची मोटर म्हणजे तेज, हलक्या गाडीची. कमी केव्हीची म्हणजे शांत, ओझं ओढणारी. मग बॅटरीची चौकशी. सेल किती, एका दमात किती करंट देऊ शकते, आणि मुख्य म्हणजे आतून किती थकलीय. सगळं जुळलं की काका स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणत, "अगं, पोहे आण."

पोहे म्हणजे होकार. नकार असला तर नुसता चहा. लोक इतके सरावले होते की आतून कढईत मोहरी तडतडल्याचा आवाज आला की मोटरवाल्याचा चेहरा उजळायचा.

एकदा कोणीतरी विचारलं, यात नवरा कोण आणि नवरी कोण. काका म्हणाले, "तापतो तो नवरा."

"आणि सोसते ती?" आतून काकूंचा आवाज आला.

"ती बॅटरी," काका म्हणाले, आणि त्या दिवशी कोणालाच पोहे मिळाले नाहीत.

काकू मूळच्या चिपळूणच्या. कमी बोलायच्या, पण बोलल्या की ते वाक्य चार दिवस घरात फिरत राहायचं. काकांच्या या उद्योगाबद्दल त्यांचं मत त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. व्हरांड्यात तीन मोठे माठ होते. त्यांच्या तळाशी वाळू होती आणि वाळूवर बॅटऱ्या निजलेल्या असत, कारण या बॅटऱ्या बिघडल्या तर पेट घेतात. एका कुरिअरवाल्याने तहानेने झाकण काढून ओगराळं आत घातलं, तर वाळू खरवडून आली. तो बिचारा काकूंकडे बघायला लागला. काकू म्हणाल्या, "बाबा, या घरात पाणी माझ्याकडे माग. माठात त्यांचे जावई आहेत."

पण काकांची खरी ख्याती होती ती त्यांच्या तळहातासाठी. जोडी जुळली, गाडी गल्लीतून मनसोक्त पळवून आणली, की ते उठून मोटरीवर उजवा तळहात ठेवायचे आणि डोळे मिटून पुणे-लोणावळा लोकलची स्टेशनं म्हणायला लागायचे. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड. चटका बसून हात जिथे उचलावा लागेल, ते त्या मोटरीचं स्टेशन. खडकीला उतरलेली मोटर म्हणजे जोडी मोडली. तळेगावपर्यंत गेली तर मोटरीच्या टोकाचं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, एखाद्या दाताने लहान करून पुन्हा बघायचं. आणि हात न उचलता लोणावळा आलं, तर ती जोडी पक्की. "हात ठेवता आला पाहिजे," ते म्हणत. "पळतात सगळेच. पळून आल्यावर ज्याच्यावर हात ठेवता येतो, त्याचा संसार होतो."

हिंजवडीच्या कॉम्प्युटरवाल्यांची एक टोळी यायची. त्यांनी काकांना एक लेझरचा थर्मामीटर भेट दिला. लांबून रोखायचा, की आकडा येतो. काकांनी तो आदराने घेतला आणि काकूंना दिला. काकू विरजण लावायच्या आधी दूध कोमट झालं का ते त्याच्यावर बघत.

हळूहळू ही स्टेशनं आमच्या गल्लीची भाषा झाली. चहा कसा आहे, तर दापोडी. अंघोळीचं पाणी, तर कामशेत, जरा अजून तापू दे. माझ्या नवऱ्याला एकदा ताप आला, तेव्हा काकांनी वर येऊन त्याच्या कपाळावर हात ठेवला, मनातल्या मनात प्रवास केला आणि निदान सांगितलं, "देहूरोड. गोळी घ्या आणि झोपा. पिंपरीच्या आत आला तर डॉक्टरांना बोलवू." डॉक्टर समोरच उभे होते. त्यांनीही मान डोलावली.

एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आली. काकांनी स्वतः कधी रिमोट हातात घेतला नाही. इतक्या गाड्या त्यांनी जुळवल्या, पण एकही चालवली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मी लावून देतो. पुढचं त्यांचं त्यांनी बघायचं. लग्न लावणारा भटजी कधी मधुचंद्राला जातो का?"

असं सगळं मजेत चाललं होतं, आणि मग ती फुगलेली बॅटरी आली.

या बॅटऱ्या आजारी पडल्या की फुगतात, उशीसारख्या. फुगलेली बॅटरी घरात ठेवायची नाही, मिठाच्या पाण्यात बुडवून निकालात काढायची, हा काकांचाच नियम. तो मोडलेल्या लोकांना त्यांनी फाटकाबाहेर काढलेलं मी पाहिलंय. पण ही बॅटरी त्यांची पहिली होती. डॉक्टरांची जोडी मोडली तेव्हा तिच्यातली वाचलेली. ती जरा फुगली, आणि काकांना वाटलं, अगदी मंद चार्जिंग करून बघू. बाहेर झिमझिम होती, व्हरांडा ओला होता, म्हणून त्यांनी तिला आत नेलं आणि काकूंच्या भाकरीच्या डब्यात ठेवून ओट्यावर चार्जिंगला लावलं. मग फाटकाशी कोणी आलं, ते बोलायला गेले.

मी वर होते. आधी फटाका फुटल्यासारखा आवाज आला आणि मग जिन्यातून पांढरा, कडू धूर. माझ्या नवऱ्याने, ज्याला मी जन्मात कधी धावताना पाहिलं नव्हतं, धावत जाऊन वाळूचा एक माठ उचलला, बॅटऱ्या बाहेर ओतल्या आणि वाळू आगीवर टाकली. कोणाला काही झालं नाही. ओट्यावरची भिंत आणि छत काळं झालं, आणि शेजारची कैरीच्या लोणच्याची बरणी तडकली. वर्षाचं लोणचं, वर तेल आलेलं, नुकतं मुरलेलं. ते ओट्यावरून जमिनीवर, जमिनीवरून मोरीकडे चाललं होतं.

काकू दारात उभ्या राहून ते बघत होत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नियम तुमचाच होता ना?" त्या म्हणाल्या.

काका वाकून बरणीचे तुकडे गोळा करायला लागले.

"त्या फुगलेल्या बॅटरीला तुम्ही एक संधी दिलीत. माझ्या स्वयंपाकघरात. मला विचारलंत?"

काकूंनी फरशी पुसली, भिंत तशीच ठेवली, बॅग भरली आणि रिक्षा बोलावून आकुर्डीला बहिणीकडे गेल्या. जाताना मला सांगून गेल्या, त्यांना सांग, माठ तरी राहतील नाहीतर मी.

आता निगडी आणि आकुर्डी यांच्यात अंतर ते किती. आमच्या गच्चीवरून हाक मारली तर ऐकू जाणार नाही, एवढंच. पण काका गेले नाहीत आणि काकू आल्या नाहीत. माझी चाकणची कंपनीची बस आकुर्डीवरून यायची. मी संध्याकाळी दोन थांबे आधी उतरायला लागले. आकुर्डीत काकूंकडे एक चहा, मग चालत निगडीला काकांकडे दुसरा. दोन्हीकडची वकिली माझ्याकडे आली आणि ती मी, खोटं कशाला बोलू, फार आवडीने केली. काका म्हणायचे, "तिला विचार, हळदीचा डबा कुठे आहे." मी तिकडे जाऊन सांगायचे, "काका म्हणाले, घर खायला उठतं."

काकू बिस्किट चहात बुडवत म्हणायच्या, "ते असं म्हणणार नाहीत. खरं काय म्हणाले?"

"हळदीचा डबा कुठे आहे."

"हां. वरच्या फळीवर, डावीकडे."

रविवारचा कार्यक्रम काकांनी रडतखडत चालू ठेवला. पोहे स्वतः केले. ते भिजवायचे किती हे माहीत नसल्याने होकाराचे पोहे खाऊन लोकांची तोंडं नकार मिळाल्यासारखी व्हायला लागली. पण खरा गोंधळ तळहाताचा होता. काका मोटरीवर हात ठेवायचे, डोळे मिटायचे, शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी. आणि तिथेच थांबायचे. हात उचलायचे नाहीत, पुढचं स्टेशनही घ्यायचे नाहीत. खालची मोटर गार होऊन जायची. हिंजवडीवाले एकमेकांकडे बघायचे, जोडी पास झाली की नापास. शेवटी डॉक्टर खाकरायचे आणि काका दचकून हात काढून घ्यायचे. मग एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, जोड्या बंद. माठांवर झाकणं ठेवून त्यांनी वर विटा ठेवल्या.

त्यानंतर आला चाकणजवळच्या एका गावचा ट्रान्सपोर्टवाला. वडिलोपार्जित शेतात कंपन्या आल्यावर उरलेल्या तुकड्यावर त्याने ट्रकांसाठी सिमेंटचं मोठं आवार केलं होतं, आणि त्याच सिमेंटवर तो ट्रक बाहेर गेले की रिमोटची गाडी पळवायचा. गाडी त्याच्यासारखीच, थोराड. खंडेनवमीला सगळे ट्रक धुऊन, हार घालून उभे राहतात, आवार मोकळं असतं. त्या दिवशी हिंजवडीच्या टोळीला त्याने शर्यतीला बोलावलं होतं आणि आता त्याला जोडी हवी होती.

"शेठ, जोड्या बंद आहेत," काका म्हणाले.

"असं कसं काका? आमी तुमच्या भरवशावर हो म्हणून बसलो. चाकणची इज्जत हाय."

काका माठांकडे बघत राहिले. मी मात्र त्या संध्याकाळी आकुर्डीला उतरले आणि सगळं काकूंना सांगितलं. जोड्या बंद झाल्या, हे ऐकून त्यांना आनंद होईल अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी बशी खाली ठेवली.

"बंद म्हणजे? अजिबात?"

"माठांवर विटा ठेवल्यात."

काकूंनी कपबश्या आत नेऊन ठेवल्या. मग म्हणाल्या, "त्यांना सांग, लावू दे जोडी. खंडेनवमीला मी येते. गाडी पळून आली की मोटरीवर हात मी ठेवणार. लोणावळ्यापर्यंत राहिला तर मी घरी येते आणि माठ राहतील, व्हरांड्यात. आधी चटका बसला तर माठ जातील आणि रविवारही जातील. त्यांचा हात चालायचा नाही. त्यांचा हात त्यांच्या बाजूचा आहे."

यावेळी निरोपात मी एक अक्षरही घातलं नाही. घालायची गरजच नव्हती. ऐकता ऐकता काकांनी नकळत एकेक वीट उचलून खाली ठेवली.

पुढचे दिवस ते झपाटल्यासारखे होते. अडचण अशी होती की शर्यत जिंकायची तर मोटर तापणार, आणि काकू घरी यायच्या तर ती तापता कामा नये. काकांनी त्या थोराड गाडीसाठी एक शांत मोटर निवडली, कमी केव्हीची. तिला जास्त सेलची, तरुण, दमदार बॅटरी दिली, म्हणजे जोर व्होल्टचा आणि मोटरीची धावपळ कमी. आणि पिनियन लावलं अगदी लहान. चाचणीत हात लोणावळा ओलांडून पुढे खंडाळ्यापर्यंत गेला असता, इतकी ती मोटर गार राहिली. ट्रान्सपोर्टवाला मात्र नाराज.

"काका, जोडी झ्याक हाय, पर ही तर वरातीतल्या घोड्यावानी चाललीय."

"शेठ, त्या दिवशी शर्यत तुमची नाही," काका म्हणाले. "माझी आहे."

खंडेनवमीला काका सकाळीच ट्रान्सपोर्टवाल्याच्या जीपमधून पुढे गेले. आम्ही आमच्या गाडीतून आकुर्डीला जाऊन काकूंना घेतलं. काकू नेसून आल्या होत्या ती हिरवी, ठेवणीतली साडी. मी कौतुक केलं तर म्हणाल्या, "सण आहे म्हणून." 

आवारात ट्रकांच्या कपाळावर झेंडूच्या माळा होत्या. पाने, जॅक, स्क्रू ड्रायव्हर सगळे पाटावर मांडून त्यांच्यावर हळदकुंकू वाहिलेलं, आणि त्या पाटावरच काकांचा मीटरही ठेवलेला. काकूंसाठी सावलीत एक खुर्ची मांडली होती. काका दुसऱ्या टोकाला उभे होते. दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं, की जणू पाहायला आलेली मंडळी आहेत आणि अजून ओळख करून द्यायची आहे.

हिंजवडीची गाडी आधी गेली. नुसती एक रेघ ओढल्यासारखी. मग ट्रान्सपोर्टवाल्याने रिमोट हातात घेतला, आणि त्याची ती थोराड गाडी सुटली.

ती वरातीतल्या घोड्यासारखी गेली नाही. ती गोळीसारखी गेली, शेवटच्या ट्रकपाशी वळली आणि तशीच परत आली. क्लीनर, ड्रायव्हर, हमाल सगळे शिट्ट्या मारत होते. हिंजवडीवाल्यांनी डोक्याला हात लावले. एकटे काका हसत नव्हते. त्यांनी मान वाकडी करून आवाज ऐकला होता.

"पिनियन बदललंत," ते म्हणाले.

ट्रान्सपोर्टवाला पायाकडे बघायला लागला. "न्हाई, म्हणजे... थोडं मोठं बसवलं काका. चार पाव्हण्यांसमोर मागं पडलो असतो तर तोंड दाखवाया जागा न्हवती. मोटरीला एवढ्यानं काय हुतंय?"

मोठं पिनियन म्हणजे वेग जास्त, आणि मोटरीवर भारही जास्त, हे आता मलासुद्धा कळत होतं. काका गाडीपाशी गेले, वाकले आणि बोटाचं टोक मोटरीला लावून झटक्यात मागे घेतलं. शिवाजीनगरच. लोकल अजून सुटलीसुद्धा नव्हती.

काकू खुर्चीवरून उठून तिथवर आल्या होत्या. शिट्ट्या थांबल्या. काय ठरलंय हे एव्हाना सगळ्या आवाराला माहीत होतं. ते सगळ्यांना माहीत कसं झालं, या प्रश्नात मी पडत नाही. काकांना एवढंच करायचं होतं, की थोडा वेळ बोलण्यात घालवायचा. ट्रान्सपोर्टवाल्याला झापत राहिले असते तरी मोटर आपोआप निवली असती. मी वाट बघत होते, की आता ते झापतील.

ते उभे राहिले आणि काकूंच्या आणि गाडीच्या मधे आले.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. "पोळेल. हरलो मी. माठ उद्या हलवतो."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. लोणचं वाहून गेलं त्या दिवसानंतर पहिल्यांदा नीट बघितलं.

"तुमचा हात चालायचा नाही, असं ठरलं होतं," त्या म्हणाल्या.

"अगं, पण..."

काकूंनी पदर खोचला, त्यांना बाजूला केलं, खाली वाकल्या आणि उजवा तळहात सपाट मोटरीवर ठेवला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी. आवाज स्थिर होता. पिंपरी, चिंचवड. आकुर्डीला त्या थांबल्या नाहीत. आकुर्डी, देहूरोड, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा. लोकल जरा जलद होती, एवढंच. मग त्यांनी शांतपणे हात उचलला, पदरात गुंडाळला आणि म्हणाल्या, "थंड आहे. जोडी चांगली आहे."

"बगा," ट्रान्सपोर्टवाला ओरडला, "काकूंनीच पास केली," आणि त्याने पेढ्यांचा पुडा आधी काकांच्या, मग हरलेल्या हिंजवडीवाल्यांच्या तोंडासमोर धरला. काका पेढा हातात धरून नुसते उभे होते. डॉक्टर काकूंच्या पदराकडे बघत होते. डॉक्टर शहाणे. त्यांनी कोल्डड्रिंकच्या खोक्यातून बर्फातली एक बाटली काढली, काकूंना दिली आणि दुसरीकडे निघून गेले.

येताना काका आमच्या गाडीत बसले. पुढे मी आणि माझा नवरा, मागे ते दोघं. काकूंनी ती बाटली उघडली नव्हती, उजव्या हातात घट्ट धरली होती. तळवडं मागे पडलं. मी आरसा अशा कोनात फिरवून घेतला, की मला मागचं दिसेल. माझ्या नवऱ्याला मागचा रस्ता दिसेना, पण तो काही बोलला नाही. कमी व्होल्टचा असण्याचे हे फायदे असतात.

निगडीच्या चौकात त्याने वेग कमी केला. सरळ गेलं की आकुर्डी, वळलं की घर. त्याने आरशात न बघताच विचारलं, "काकू, कुठं?"

"कुठं म्हणजे?" काकू म्हणाल्या. "ती भिंत कोण रंगवणार?"

तो वळला. मागे काका खाकरले. काहीतरी त्यांच्या मनातून जात नव्हतं, ते मला तळवड्यापासून दिसत होतं. सबंध आयुष्य अचूक मोजण्यात गेलेला माणूस. शेवटी ते हळूच म्हणाले, "तू दोन स्टेशनं गाळलीस. बेगडेवाडी आणि घोरावाडी."

"तिथं उतरतं कोण?" काकू म्हणाल्या.

काकांनी त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली. तळहात उलटा केला, बघितला. तो लालभडक होता. मग त्यांनी तो आपल्या तळहातावर ठेवला, वरून दुसरा हात ठेवला आणि डोळे मिटले. आरशात मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. बेगडेवाडी घेतलं, घोरावाडी घेतलं. या वेळी काही गाळलं नाही. आमची गल्ली आली, फाटक आलं, माझ्या नवऱ्याने गाडी थांबवली, आणि तेवढ्यात लोणावळाही आलं.

हात सुटला नाही. डोळे न उघडता त्यांनी परतीची गाडी धरली. मळवली, कामशेत, कान्हे.